आईच्या मापाची गाडी

आईने उजवा पाय उचलला, गाडीच्या दारापर्यंत नेला, तो तिथे क्षणभर हवेतच थांबला आणि मग तिने तो परत जमिनीवर ठेवला. "तुम्ही दोघं जाऊन या," ती म्हणाली. "माझं काही एवढं अडलेलं नाही." आणि पिशवी काखेत मारून ती फाटकातून आत चालू लागली. मी दार धरून तसाच उभा. दार जड आहे, पण अशा खुबीने बसवलंय की करंगळीने ढकललं तरी मऊ आवाज करत लागतं. त्या आवाजावर आमच्या गाड्यांच्या कारखान्यातल्या एका माणसाने तारुण्य घालवलंय. बायको पुढच्या सीटवर केव्हाची पट्टा लावून बसली होती. तिने मान वळवली नाही. घर ते मावशीचं घर, दुपारच्या जेवणाआधी पोचू आणि उजेड आहे तोवर परत येऊ, असा साधा बेत. त्यात दार उघडल्यापासून आई आत जाईपर्यंत हे एवढंच घडलं होतं. आणि बेत पुढे ढकलण्यासारखा नव्हता. मावशी आता थोड्याच दिवसांची सोबती आहे. मावशीच्या मुलीचा काल फोन आला होता, "आई सारखी विचारतेय, धाकटी कधी येणार, धाकटी कधी येणार." धाकटी म्हणजे माझी आई. तिला या वयात धाकटी म्हणणारं जगात ते एकच माणूस उरलंय. काल तर ही तयार होती. कपडे काढून ठेवले होते, मावशीसाठी मऊ पायमोजे विणलेले होते ते बांधून ठेवले होते. आणि आता म्हणे अडलेलं नाही.

"घाबरली असेल," मी गाडीत डोकावून बायकोला म्हणालो. "मावशीला तशा अवस्थेत बघायला नको वाटत असेल."

"घाबरल्यात खऱ्या," बायको म्हणाली. "पण मावशींना नाही, तुझ्या गाडीला. चढता येत नाही त्यांना. आठवडाभर बघतेय मी."

"मग बोलली का नाहीस?"

"तुला दिसत असेल असं वाटलं. तेच काम आहे ना तुझं?"

तेच काम आहे माझं. गाडीत माणूस चढतो कसा आणि उतरतो कसा, एवढंच मी इतकी वर्षं बघत आलोय. आमच्या कारखान्यात या खात्याला नुसतं 'चढउतार' म्हणतात. कोण आधी डोकं घालतं, कोण आधी पाय, कोणाचा हात आधार शोधतो आणि कुठे शोधतो, कोण आधी बूड टेकून मग पाय आत ओढतं. कुठल्याही समारंभात मी लोकांचे चेहरे बघत नाही, ते खुर्चीतून उठतात कसे ते बघत बसतो. या खोडीवरून बायको माझ्याशी पुष्कळदा भांडलीय. तिच्या वडिलांना पहिल्यांदा भेटून आल्यावर मी म्हणालो होतो, यांचा डावा खुबा तपासून घ्या. तिला ते अजून लागून आहे. शेजारच्या खात्यात एकजण आहे, त्याला सगळे घण म्हणतात. तो वस्तू तोडतो. म्हणजे टिकतात किती ते बघतो. यंत्र लावून दारं आपटत राहतो, सीटवर वाळूची पोती टाकत राहतो, कातड्यावर जाड कापड घासत राहतो. चहाच्या वेळी समोरून एखादा नवा साहेब गेला की घण कप खाली न ठेवता सांगतो, "हा पावसाळ्यापर्यंत टिकत नाही." आणि खरंच टिकत नाही. तर अशी आम्ही माणसं. डोळ्यांत तेल घालून बघायचे पगार घेतो.

आणि आमच्याकडे एक पद्धत आहे. गाडी विकायला बाहेर पडायच्या आधी ती एकेकाने आठवडाभर घरी न्यायची. कारखान्यातला माणूस म्हणून नाही, घरातला म्हणून वापरायची. बटाटे आणा, पाहुणे सोडा, चिखलात घाला, मुलं लोळू द्या. मग सोमवारी सगळे गोलात बसतात आणि मोठे साहेब एकेकाला विचारतात, "घरी काय म्हणाले?" कागद आणायचा नाही. लिहिताना माणूस सजवून लिहितो, तोंडाने बोलताना पहिलं वाटलेलं तेच बाहेर येतं, असं साहेबांचं मत. उद्या माझी पाळी होती. आणि सांगण्यासारखं पुष्कळ होतं. एवढी महागाची गाडी, पण नाजूक अजिबात नाही. बायकोने पहिल्याच दिवशी नाक मुरडलं होतं, "हा रंग? यावर चहा सांडला की संपलं." आणि तिचा स्वभाव असा की शंका मनात ठेवायची नाही, तिने खरोखरच कप आणून सीटवर ओतला. मी कपाळाला हात लावून उभा. तिने ओल्या फडक्याने पुसलं, डागाचं नाव नाही. मग ती जरा नरमली. पडद्यांचे लांब दांडे आडवे मावले. पिठाची गोणी फुटली तर ते पीठ फटींत न जाता एका जागी राहिलं. ओल्या छत्र्यांना जागा, भाजीच्या पिशव्यांना आकडे. खड्ड्यातून जाताना बायको बोलता बोलता थांबली नाही, ही माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठी पावती. तिच्या बहिणीने तर पुढच्या सीटवरून उतरायलाच नकार दिला, म्हणाली मी इथेच राहते, जेवण पाठवा. आईसुद्धा रोज सकाळी बाहेर येऊन पुढच्या झाकणावरून हात फिरवायची, आरशात बघून केस सारखे करायची. "काय देखणी केलीत रे." चल आई, एक चक्कर मारू, म्हटलं की मात्र, "आत्ताच गुडघ्याला तेल लावलंय, सीटला लागेल." दुसऱ्या दिवशी दूध उतू जाईल. मग कोणाचा तरी फोन येणार असेल. मला वाटलं नवी गाडी, जपतेय. किती समजूतदार, असंही वाटलं. आता एकेक आठवत होतं आणि प्रत्येक वेळी ती दारापासून हातभर लांब उभी दिसत होती. आपण आठवडाभर काय बघत होतो, हे मला कळेना.

खरं म्हणजे ही गाडी तिच्याच मापाची आहे. म्हणजे अगदी शब्दशः. बऱ्याच वर्षांपूर्वी, ही गाडी नुसती लाकडाची होती तेव्हाची गोष्ट. मोठ्या दालनात एक सांगाडा उभा केलेला, दाराची चौकट, तळ, एक सीट, बाकी काही नाही. तळ वरखाली करता यायचा. चढून बघायला म्हातारी माणसं हवी होती. जी बोलावून आणली होती ती सगळ्यालाच कण्हायची, तळ ठेंगणा केला तरी कण्हायची, चहाच्या वेळी खुर्चीत बसतानाही कण्हायची. साहेब वैतागले. मी म्हटलं, माझ्या आईला आणतो, ती खोटं बोलणार नाही. आई आली. ठेवणीतले कपडे, केस चापूनचोपून बसवलेले, नवी पिशवी. सगळ्यांना एकेकदा हसून दाखवलं आणि एका दमात चढून सीटवर बसली, हात मांडीवर ठेवून. साहेबांनी विचारलं, कसं वाटलं? "छान आहे. काही त्रास नाही." तळ उंच केला. पुन्हा चढली. छान आहे. अजून उंच. छान. साहेब माझ्याकडे बघून हसले आणि माझी छाती अशी फुगली की काय सांगू. तेव्हा एक प्रस्ताव होता, दार उघडलं की गाडीने आपणहून खाली बसावं, माणूस चढला की पुन्हा उठावं. चांगला होता प्रस्ताव, पण किचकट होता. बैठकीत मीच म्हणालो, माझ्या आईला लागत नाही तर कोणाला लागणार? तो तिथेच निकाली निघाला. त्या दिवसापासून आमच्याकडे त्या उंचीला 'आईची उंची' म्हणतात. हल्लीची पोरं तर कोणाची आई तेही न विचारता म्हणतात, तळ आईच्या उंचीवर ठेवा. नंतर सुरू झालेल्या दोन साध्या गाड्यांतही तीच ठेवली, त्या तर हिच्याआधीच रस्त्यावर आल्या. फाटकाशी उभं राहून मी मनातल्या मनात हिशेब जुळवला. गाडी बनायला वर्षं लागतात. मधल्या काळात आई म्हातारी झाली. गाडी त्या वेळच्या आईची आहे, ही आई नंतरची. चूक कोणाचीच नाही. एवढं सापडल्यावर मला बरंच हलकं वाटलं आणि मी आत गेलो.

ती स्वयंपाकघरात कप विसळत होती. धुतलेलेच कप होते ते. मी म्हटलं, "आई, गुडघ्यामुळे ना? मग सांगायचं नाही का? आपण टॅक्सी बोलावू, ठेंगणी मिळते."

"टॅक्सी नको."

"का?"

"मी ताईला सांगितलंय काल. मुलाने केलेल्या गाडीतून येते म्हणून. ती म्हणाली, खिडकीपाशी पलंग सरकवून घेते."

"बरं, मग हळूहळू चढू. मी धरतो. तेव्हा कशी टुणकन चढली होतीस आठवतंय? मध्ये इतकी वर्षं गेली, होणारच गं असं."

आईने कप पालथा घातला. नळ बंद केला. तिची पाठ माझ्याकडे होती आणि मला उगाचच वाटलं की आता इथून निघून जावं, बाहेर काहीतरी राहिलंय असं म्हणून पाय काढता घ्यावा.

"तेव्हाही दुखत होता," ती म्हणाली.

"कधी?"

"त्या तुझ्या लाकडाच्या गाडीत. घरी येऊन शेकत बसले होते मी. तुझ्या वडिलांना सांगितलं जिन्यात मुरगळला."

"मग बोलली का नाहीस? त्यासाठीच तर आणलं होतं तुला!"

"सगळे बघत होते. तुझा साहेब स्वतः विचारत होता. आणि तू..." ती हात पुसत वळली. "तू असा बघत होतास माझ्याकडे. काय सांगणार होते मी, माझ्या मुलाची गाडी उंच आहे?"

मला राग आला. दया नाही, वाईट नाही, सरळ राग. इतका की मी खुर्ची ओढून बसलो आणि लगेच उठलो. त्या उंचीवर सबंध गाडी उभी आहे. सीट, काच, छप्पर, सगळं त्यावरून काढलेलं. तीन गाड्या. त्यांतल्या दोन रस्त्यावर धावताहेत. कुठल्या कुठल्या शहरांत कुठल्या कुठल्या आया एक पाय उचलत असतील, परत ठेवत असतील, मुलांना सांगत असतील की आमचं काही अडलेलं नाही. आणि ती मुलं दार धरून उभी असतील, म्हणत असतील आईचा मूड नाही. म्हणून राग. मग त्याच्या मागोमाग दुसरं यायला लागलं. ही आजवर कशाकशाला छान म्हणालीय? या घरात आलो तेव्हा तिची खोली, मागच्या बाजूची, ऊन न येणारी. छान आहे, शांत आहे. मी आणलेला पलंग, जाड गादीचा. छान. चपला घट्ट होतील का? छान बसल्या. वडील गेल्यावर मी कामासाठी लगेच परत गेलो होतो, विचारलं होतं, राहशील ना एकटी? काही त्रास नाही. बायको नवीन असताना भाजीत मीठ इतकं पडायचं की मी पाणी पीत जेवायचो, आई दुसऱ्यांदा वाढून घ्यायची. प्रत्येक 'छान'वर मी पुढचं काहीतरी उभं करत गेलो होतो. स्वयंपाकघर तेच होतं, कप तेच होते, पण मला कशावरच हात टेकवत नव्हता. विचारावं तरी काय? पलंग खरंच बरा आहे का विचारलं तर उत्तर मला माहीत होतं.

"चिडलास?" आई म्हणाली.

"नाही," मी म्हणालो. घ्या. मीही तेच करत होतो.

बायको दारात येऊन उभी होती, किती ऐकलं कोण जाणे. "मावशी वाट बघताहेत," ती म्हणाली. "तुमचं नंतर भांडा. त्यांना न्यायचं कसं ते बोल." आणि त्या वेळी मला ते बटण आठवलं. मागचं झाकण उघडलं की आत डाव्या बाजूला एक बटण आहे. दाबलं की गाडीचं मागचं अंग हळूहळू खाली बसतं, जड सामान चढवायला. सामानाचं खातं वेगळं. त्यांनी पेट्या, पोती, सायकली, कुत्रे सगळं चढवून बघितलं, एकदाही कोणाच्या आईला बोलावलं नाही, आणि सोय झाली. मी मागची अर्धी सीट पाडून सपाट केली. बटण दाबलं. गाडी उसासा टाकत खाली आली आणि कड थेट आईच्या गुडघ्याच्या जरा वर येऊन थांबली, स्वयंपाकघरातल्या तिच्या स्टुलाएवढी. बायकोने गुळगुळीत चादर आणून पसरली. आई बघत राहिली.

"मी काय बटाट्याचं पोतं आहे?"

"पोत्याला आम्ही चादर घालत नाही," बायको म्हणाली. "बसा."

आई बसली. खरंच नुसती बसली, खुर्चीत बसावं तशी, काहीच न धरता. मग बसल्या बसल्या वळली, आणि बायको पुढून चादर ओढते आहे, मी मागून हात लावतो आहे, अशी सरकत सरकत पाडलेल्या सीटवरून पुढे गेली, पाय खाली सोडले आणि शेजारच्या सीटवर कलती होऊन बसली. मी पट्टा लावून दिला. तिचे केस विस्कटले होते. शेजारचे गृहस्थ कुंपणाशी पाण्याची नळी धरून हे सगळं बघत होते, त्यांच्या बुटांवर पाणी पडत होतं. मला हसू यायला हवं होतं. वाटभर मी आरशात तिचा चेहरा बघत राहिलो. वळणावर तोंड वाकडं होतंय का, खड्ड्यात ओठ आवळतेय का. ती खिडकीतून बाहेर बघत होती आणि माझी नजर आरशात भेटली की हसायची. ते हसणं मी जन्मापासून बघतोय आणि त्याचा अर्थ मला लावता येत नव्हता. एकदा तर सिग्नल सुटलेला कळला नाही, मागचे ओरडायला लागले. "समोर बघ," बायको म्हणाली.

मावशीच्या दारात पुन्हा तोच सगळा खेळ उलटा. झाकण उघडलं, गाडी खाली बसली, आई चादरीवरून घसरत मागून बाहेर आली आणि कपडे झटकून उभी राहिली. वर पहिल्या मजल्यावरच्या खिडकीतून चिरका आवाज आला, तो आधी मला रडण्याचा वाटला. मावशी हसत होती. आई कठड्याला धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत वर गेली. मी मागे होतो, पहिल्यांदाच नीट बघत होतो. मावशी उशांवर टेकून बसलेली, म्हणजे मावशीतलं जे थोडं राहिलं होतं ते. हातांची नुसती हाडं. पण डोळे ओले होऊन लकाकत होते. "धाकटे," ती म्हणाली, "तुला सामानातून आणली गं?" आणि पुन्हा हसायला लागली, खोकला येईपर्यंत. आई तिच्या कडेला बसली, पायमोजे काढून तिच्या पायांत घालू लागली. मावशीने एकदम विचारलं, "गुडघा फार दुखतो?"

"फार दुखतो गं ताई," आई म्हणाली.

एका क्षणाचाही वेळ न लावता. मी दारात उभा होतो, हातात तिची पिशवी. मला वाटलं कोणी दुसरीच बाई बोलतेय. जाड, जरासा रडवेला आवाज, लहान बहिणीचा. मग तिने सांगायलाच सुरुवात केली. चपलेने बोट सोललंय. डाव्या कानाने नीट ऐकू येत नाही, ती नुसती मान हलवते. संध्याकाळी घरात कोणी नसतं तेव्हा नको नको ते मनात येतं. मावशी हूं म्हणत होती, मध्येच आपलंही एखादं सांगत होती. हे असं त्या किती वर्षं करत आल्या होत्या देव जाणे. फोनवर ती दार लावून घ्यायची, मला वाटायचं बायकांच्या गप्पा. म्हणजे खरं ऐकणारं एक माणूस होतं, आणि ते आता इथे उशांवर टेकून मोजके श्वास घेत होतं. हे गेल्यावर काय? आईची नजर माझ्यावर पडली. ती बोलता बोलता थांबली. "तू खाली गाडीपाशी थांब जा रे," ती म्हणाली, नेहमीच्या आवाजात. "आम्ही आपलं काहीतरी बोलतोय."

"थांबू दे त्याला," मावशी म्हणाली. "सांग त्याच्यासमोर."

"काय सांगायचंय त्यात."

"धाकटे, यापुढे कोणाला सांगणार आहेस तू?"

आईने मावशीच्या पायमोज्याची कड सरळ केली, मग दुसऱ्याची केली. मी पिशवी खाली ठेवली आणि तिथेच दारात जमिनीवर बसलो. उभा राहिलो तर ती उठून माझ्यासाठी खुर्ची शोधेल अशी भीती वाटली. ती माझ्याकडे वळली नाही. भिंतीकडे बघत, मावशीचा हात धरून, ती म्हणाली, "पलंग उंच आहे त्याचा. रात्री उतरताना भीती वाटते."

"अजून?" मावशी म्हणाली.

"खोलीत गारठा आहे."

"अजून?"

आईने मान वळवली आणि माझ्याकडे बघितलं, हसली नाही.

"तुझी गाडी फार उंच झालीय रे," ती म्हणाली. "मला चढता येत नाही."

"हो आई," मी म्हणालो.